कीटकांस अभय कोणाचे?

इतिहास म्हटला की स्वाऱ्या, तह आणि सनदा यांचीच आठवण प्रथम व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्या नावे कधी सनद निघाली नाही, ज्यांच्या जन्ममृत्यूची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, अशांच्याही वाट्याला इतिहास येतोच. आज अशाच एका बेनाम समाजाची, म्हणजे कीटकांची, हकीकत आपणांस सांगावयाची आहे; आणि ती काही दूरदेशीची नव्हे. छत्रपती संभाजीनगरहून कन्नडमार्गे चाळीसगावकडे निघाले म्हणजे डोंगर उतरण्यापूर्वी जे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य लागते, त्याच्या वेशीवरची ही हकीकत आहे.

हा डोंगर म्हणजे मुळातच एक वेस आहे. त्याच्या दक्षिणेस पठार, उत्तरेस एकदम खाली उतरलेला खानदेश. एकोणिसाव्या शतकात घाटाखाली इंग्रजांचा अंमल होता, तर घाटमाथ्यावर निजामाचा. जेम्स औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. त्याचे नाव ह्या घाटास मिळाले ते आजतागायत टिकून आहे. १९४८ साली निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि दोन राज्यांमधली वेस दोन जिल्ह्यांमधली वेस होऊन राहिली. पुढे १९८६ साली ह्याच डोंगरावर, दोन्ही जिल्ह्यांत मिळून, सुमारे २६० चौरस किलोमीटर क्षेत्राचे अभयारण्य जाहीर झाले आणि आणखी एक वेस आखली गेली. आत वन, बाहेर शेत. ह्या शेवटच्या वेशीने अभय कोणास दिले आणि कोणास दिले नाही, एवढाच आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

वेस नवी असली तरी ह्या रानाचा आणि माणसांचा व्यवहार फार जुना आहे. अभयारण्याच्या पोटात पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या त्या लेण्यांतील एका लेखात प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, मितदेव नावाच्या गृहस्थाच्या गांधिक कुळाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. त्याची सारी पेठ फुलांवर, मुळांवर, राळेवर आणि चंदनावर चालावयाची. चंदन गौताळ्याच्या रानात आजही उगवते. आणि त्या झाडाला बी धरावयाचे तर एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेणारी माशी किंवा भुंगा लागतो. दानाच्या लेखात दात्याचे नाव आले. ज्याच्या पायांना लागलेल्या परागावर दात्याचा धंदा उभा होता, त्याचे नाव येण्याचे अर्थातच कारण नव्हते.

जुन्या शेतीत रान कोठे संपले आणि शेत कोठे लागले, हे बोट ठेवून सांगणे कठीण असे. गावरान कापूस, त्यात मधूनमधून तुरीचे तास, कडेला अंबाडी, धुऱ्यावर बोरी-बाभळी आणि निंब, पलीकडे गुरांसाठी राखलेले गवत, आणि मग सालई-धावड्याचे रान, असा तो क्रम होता. गावरान कापूस मावा-तुडतुड्यांना सहसा दाद देत नसे. हे सर्व सुखाचे युग होते, असे मात्र कोणी समजू नये. टोळधाड आली म्हणजे उभे पीक आठ दिवसांत नाहीसे होई आणि दुष्काळ तर पाचवीला पुजलेला. तथापि कीटकांच्या दृष्टीने पाहता शेत हे रानाचेच अंगण होते. कड्यावर आग्या मोहोळ, झुडपात फुलोरी माशी, झाडाच्या ढोलीत सातेरी, भिंतीच्या भोकात डंख नसलेली पोयाची माशी. ह्या चारही जाती रानातून शेतात आणि शेतातून रानात विनाहरकत येजा करीत. मृग नक्षत्र निघाले की मातीतून वर येणारा मखमली तांबडा मृगाचा किडा शेतकऱ्याला पंचांगाइतकाच विश्वासाचा वाटे. शास्त्राच्या काटेकोर भाषेत तो कीटक नव्हे, कोळ्यांच्या कुळातला आहे. परंतु मातीच्या आरोग्याची साक्ष म्हणून त्याला येथे बोलावण्यास हरकत नाही.

आता ह्या समाजाकडे विद्वानांनी कोणत्या नजरेने पाहिले, ते पाहू. १९०५ साली दोन ठिकाणी दोन संस्था निघाल्या. बिहारमधील पुसा येथे सरकारने शेतीसंशोधनाची संस्था काढली आणि जर्मनीतील क्रेफेल्ड गावी कीटकांचे हौशी अभ्यासक एकत्र येऊन त्यांनी आपले एक मंडळ स्थापिले. पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय याचा पहिला मोठा ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला तो पिकांच्या किडींवर. हिंदुस्थानातील एकंदर कीटकजीवनावरचा त्याचा ग्रंथ त्यानंतर, १९०९ साली आला. हा क्रम बोलका आहे. आधी शत्रूची ओळख, मग शेजाऱ्याची. १९३९ साली टोळांची आगाऊ सूचना देणारे सरकारी खाते निघाले, १९४६ साली पीकसंरक्षणाचे निघाले. ही सर्व कामे आवश्यक होती, याविषयी शंका नाही. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला की, कीटक पिकावर पडला तरच त्याची नोंद होऊ लागली. पक्ष्यांच्या वाट्याला ह्यापेक्षा बरे भाग्य आले. सलीम अली यांनी १९३१-३२ साली त्या वेळच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. कीटकांसाठी मात्र तेवढे कष्ट घ्यावेत, असे कोणा सरकारास वाटले नाही.

१९३९ हेच साल आणखी एका गोष्टीसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी पॉल म्यूलर ह्या स्विस रसायनशास्त्रज्ञास डीडीटीचा कीटकनाशक गुण आढळला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाने ग्रासलेल्या देशाला ते वरदानच वाटावे. आपल्याकडे १९५३ साली हिवतापाविरुद्ध जी राष्ट्रीय मोहीम निघाली, तिचा मुख्य आधार डीडीटीच होता. ह्या वरदानाची दुसरी बाजू रेचेल कार्सन ह्या अमेरिकन विदुषीने १९६२ साली जगापुढे मांडली. पुढे १९७२ साली आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या मूळ कायद्यातील 'वन्यजीव' ह्या शब्दाच्या व्याख्येत मधमाश्या, फुलपाखरे आणि पतंग यांचा नावानिशी उल्लेख होता. इतकेच नव्हे, तर ज्यायोगे वन्यजीवांस इजा पोहोचेल असे रसायन अभयारण्यात वापरू नये, असे ह्या कायद्याचे बत्तिसावे कलम स्पष्ट सांगते. कायदा करणारांस, तेव्हा, कीटकांचा विसर पडला नव्हता. उणीव राहिली ती वेगळीच. कलमाची सत्ता वेशीपर्यंत आणि विष मात्र वेशीबाहेरचे!

वेशीबाहेर ह्या काळात काय घडत होते? १९७० साली सुरत येथे संकरित कापसाचे पहिले व्यापारी वाण तयार झाले. ह्या नव्या झाडाला बोंडे भरपूर लागत. पण पाणी, खत आणि औषधही त्याला भरपूर लागे. फवारणीचा पाठीवरचा पंप घरोघर आला. बोंडअळी एका औषधाला निर्ढावली की दुसरे येई, दुसऱ्याला निर्ढावली की तिसरे. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली. ह्या झाडात अळीला मारणारे प्रथिन जन्मतःच असल्याने बोंडअळीवरच्या फवारण्या आरंभी खरोखरच कमी झाल्या, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यावर ह्या प्रथिनाचा काही इलाज चालत नाही. शिवाय २००६ साली दोन जनुकांचे वाण आले, तेही पुढे दहा वर्षांच्या आत गुलाबी बोंडअळीने पचविले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाची काय दुर्दशा झाली, ती आपणांस आठवत असेल. पंप पुन्हा पाठीवर आला. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी हिंदुस्थानात उतरली आणि कन्नड-सिल्लोडकडच्या ज्या मक्याला पूर्वी औषधाची फारशी गरज भासत नसे, त्याच्या पोंग्यातही औषध पडू लागले.

ह्याहून मूक असा एक बदल बियाण्यात झाला. कापसाचे बी आज पाकिटातून येते ते बहुधा औषधाचा लेप चढवूनच. इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम ही त्यांतील परिचित नावे. हे औषध पानावर बसत नाही. ते मुळावाटे झाडाच्या रसात शिरते आणि रसातून मकरंदात व परागातही उतरते. झाड त्यातला थोडाच अंश घेते. उरलेला मोठा भाग मातीत राहतो, पाण्याबरोबर वाहतो आणि धुऱ्यावरच्या रानफुलाच्या मुळाशी जातो. त्या धुऱ्यावर तणनाशक पडले की रानफूलही संपले. मग रानातली माशी शेताकडे आली तर तिला एक तर फूल मिळत नाही, अथवा मिळाले तर ते निर्धोक नसते. युरोपीय संघाने २०१८ साली ह्या कुळातील तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर बंद केला, तो मधमाश्यांना त्यांपासून असलेला धोका पाहूनच.

येथे आपणांस पुन्हा क्रेफेल्डला जावयाचे आहे. त्या हौशी मंडळाच्या सभासदांनी १९८९ पासून जर्मनीतील राखीव निसर्गक्षेत्रांत तंबूच्या आकाराचे जाळीचे सापळे लावले. उडणारा कीटक जाळीला लागून वर चढतो आणि टोकाच्या मद्यार्क भरलेल्या बाटलीत पडतो. बाटलीतले कीटक तोलावयाचे आणि वजन वहीत मांडून ठेवावयाचे, असा हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. ६३ राखीव क्षेत्रांतील २७ वर्षांची ही वजने २०१७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जग थक्क झाले. उडणाऱ्या कीटकांचे वजन शेकडा ७६ ने घटले होते. ऐन उन्हाळ्यात तर ८२ ने. हवामानाने किंवा त्या जागांतील वनस्पतींच्या बदलाने ह्या घटीचा उलगडा होईना. क्षेत्रे राखीव होती, पण बहुतेकांच्या भोवती शेती होती. २०२१ साली आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. शेतीने वेढलेल्या २१ राखीव क्षेत्रांतील बाटल्यांचा मद्यार्क तपासला असता त्यात एकूण ४७ प्रकारची पीकसंरक्षक औषधे सापडली. एकेका जागी सरासरी सोळांहून अधिक! कीटकांच्या अंगावरचे हे औषध भोवतालच्या दोन किलोमीटरांतील शेतीच्या प्रमाणाशी जुळत होते. सबब राखीव क्षेत्राभोवती दोन किलोमीटरांचा पट्टा विषमुक्त असावा, असे त्या संशोधकांनी सुचविले.

आपल्यापाशी अशी सत्तावीस वर्षांची वही नाही. म्हणून गौताळ्यातील कीटक शेकडा इतके घटले, असा आकडा सांगणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. परंतु परिस्थितीचे साम्य नजरेआड करता येत नाही. गौताळा हे डोंगररांगेवर लांबट पसरलेले रान आहे. रान जितके लांबट, तितकी त्याची वेस अधिक आणि गाभा कमी. आणि वेशीला लागून कापूस, मका व आल्याची शेते आहेत. पैठणच्या जायकवाडी पक्षी अभयारण्याची स्थिती तर याहून नाजूक आहे. १९७६ साली पुऱ्या झालेल्या धरणाच्या नाथसागराला १९८६ सालीच अभयारण्याचा दर्जा मिळाला. परंतु पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळावर गाळपेर होते. म्हणजे तेथे शेत वेशीला लागून नाही, वेशीच्या आतच आहे. पाण्यात वाढणारे चतुर आणि चिलटांच्या अळ्या ह्याच गाळाच्या आश्रयाने जगतात आणि पाणपक्ष्यांची कितीतरी पिले त्यांच्यावर पोसतात.

कोणी विचारील, चार किडे कमी झाले तर बिघडले काय? दिव्याभोवतीची चिलटे गेली, बरेच झाले! ह्याचे उत्तर रानात शोधावयास नको, बाजाराच्या टोपलीतच मिळेल. दौलताबादच्या रस्त्यावर हिवाळ्याच्या तोंडी सीताफळे विकावयास बसतात. सीताफळाचे फूल जाड पाकळ्यांचे आणि अर्धवट मिटलेले असते. मधमाशी त्यात शिरत नाही. शिवाय त्या फुलातील स्त्रीकेसर आधी पिकतात आणि पराग मागाहून सुटतो, त्यामुळे स्वतःच्या परागाचा त्याला सहसा उपयोग होत नाही. मोहरीएवढे लहान भुंगेरे एका फुलातून निघून दुसऱ्यात शिरतात, तेव्हा फळ धरते. कुजलेल्या फळापाल्यावर वाढणाऱ्या ह्या भुंगेऱ्यांचे नाव आपल्यापैकी कोणी ऐकलेले नसेल, पण भाव करून घेतलेल्या प्रत्येक डझनात त्यांची मजुरी आहे. मराठवाड्याच्या केशर आंब्याच्या मोहोरावर मधमाश्यांइतक्याच साध्या माश्या राबतात. कांद्याचे बी धरावयाचे तर मधमाशी हवी. आणि कापसावरचा मावा फस्त करणारा ठिपक्यांचा ढालकिडा किंवा बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालणारी सुईच्या टोकाएवढी गांधीलमाशी, ही शेतकऱ्याची बिनपगारी फौज रानातूनच येते. पंप शत्रूमित्र पाहत नाही. मावा पंधरा दिवसांत पुन्हा वाढतो. ढालकिड्याला तेवढ्यात वाढता येत नाही. म्हणून दुसरी फवारणी पहिलीपेक्षा लवकर करावी लागते.

ह्या साऱ्याचा दोष शेतकऱ्यावर ढकलणे हा मात्र शहरात बसून केलेला अन्याय होईल. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या विषाने माशी मरते, त्याच विषात तो उभा असतो. औषधाची निवड दुकानदार सांगेल ती, बियाण्यावरचा लेप पाकिटात असेल तो, आणि कर्ज मात्र त्याचे. उलट शहराचे हातही काही धुतलेले नाहीत. रात्रभर जळणारे विजेचे प्रखर दिवे, डागाशिवाय भाजी मागणारे आपले डोळे आणि कडेचे शेवटचे गवतही कापून काढणारी आपली स्वच्छतेची कल्पना, ही सर्व ह्याच जमाखर्चातली कलमे आहेत.

मग उपाय काय? पहिला उपाय कायद्यात तयार आहे. अभयारण्याभोवती जो पर्यावरणसंवेदनशील पट्टा आखला जातो, त्यासंबंधीच्या २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सेंद्रिय शेतीस सक्रिय उत्तेजन द्यावे असे म्हटले आहे. खाणी आणि कारखाने यांविषयी ह्या पट्ट्यावरून न्यायालयापर्यंत वाद गेले; शेतीविषयीचे हे कलम मात्र कोणाच्या अध्यातमध्यात नसल्यासारखे पडून राहिले. विनालेपाचे बियाणे, कामगंध सापळे, निंबोळी अर्क आणि पीक बदलताना होणाऱ्या तोट्याची भरपाई, ही सर्व मदत आधी वेशीलगतच्या गावांना मिळाली पाहिजे. हे केवळ स्वप्नरंजन नाही. तेलंगणातील, म्हणजे औरंगाबादबरोबर एके काळी एकाच संस्थानात असलेल्या मुलखातील, पुनुकुला ह्या गावाची गोष्ट पाहा. तेथील शेतकरी कापूसच पिकवीत आणि औषधाच्या कर्जाने गांजलेले होते. निंबोळी, सापळे आणि मिश्रपिके यांच्या जोरावर त्यांनी रासायनिक कीटकनाशके सोडली आणि २००४ साली गाव कीटकनाशकमुक्त झाल्याचे जाहीर केले.

दुसरा उपाय धुऱ्याचा. धुरा म्हणजे वाया गेलेली जमीन, ही समजूत टाकली पाहिजे. हातभर रुंदीचा, तणनाशक न लागलेला, बोरी-निंबाचा आणि रानफुलांचा धुरा हाच रानातून शेतात येणारा कीटकांचा रस्ता आहे. रानाला कुंपण घातल्याने कीटक राखला जात नाही. तो धुऱ्याने राखला जातो.

तिसरा उपाय मोजणीचा, आणि तो शहरातील सुशिक्षितांच्या हातचा आहे. क्रेफेल्डचे लोक सरकारी नोकर नव्हते. कीटकांची हौस असलेले नागरिक होते. त्यांनी चिकाटी धरली, म्हणून जगाला हा ऱ्हास कळला. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरच्या रानातून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ गौताळ्यात कॅमेऱ्याने टिपला, तेव्हा त्याची बातमी गावोगाव झाली, आणि ती आनंदाचीच होती. परंतु वाघ आला तर तो दिसतो. माशी गेली तर ते दिसत नाही, ते मोजावेच लागते. आपल्या महाविद्यालयांनी दर मृगाला आणि दर हस्ताला, त्याच जागी, त्याच पद्धतीने, एक रानात आणि एक लगतच्या शेतात असे दोन सापळे लावून त्यांचे वजन वहीत मांडून ठेवले, तरी दहा वर्षांत ह्या डोंगरापाशी स्वतःची साक्ष तयार होईल. ह्या कामाला लागणारी सामग्री जाळी, बाटली, तराजू आणि वही एवढीच आहे.

श्रोतेहो, अभयारण्य ह्या शब्दात अभय आधी आहे आणि अरण्य नंतर. राज्ये बदलली, जिल्ह्यांची नावे बदलली, घाटावरच्या वेशी चार वेळा पुसल्या गेल्या आणि पुन्हा आखल्या गेल्या. त्यांपैकी एकही वेस माशीने कधी ओळखली नाही. तिला अभय द्यावयाचे असेल, तर ते वेशीच्या अलीकडच्या शेतापासून आणि त्या शेताचा माल विकत घेणाऱ्या आपल्या घरापासूनच सुरू झाले पाहिजे.